तीन पाटांची उंची

पौष लागला की जयपूरची माणसं खाली बघायचं सोडून देतात. दूधवाला, बँकेतला कॅशियर, आमच्या हॉस्पिटलातले एरवी कुणाकडेच न बघणारे मोठे सर्जन, सगळ्यांच्या माना वर. आकाशात पतंग, खाली तीळ-गुळाच्या गजकाचा भाजका गोड वास, आणि रस्त्यात दोन माणसं एकमेकांवर आदळली तरी भांडण नाही. दोघंही वर बघत "गया, गया" म्हणत आपापल्या वाटेला लागतात. मानेच्या पेशंटांची रांग लागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे या मोसमावरचं माझं प्रेम थोडं स्वार्थी आहे.

या वर बघणाऱ्या गावात मी एकटी खाली बघत चालते. मला चाकं दिसतात. ट्रॅक्टरची, टेम्पोची, उंटगाडीला बसवलेली विमानाची जुनी गलेलठ्ठ चाकं. चाक मडगार्डच्या किती आत आहे, गाडी पुढून वाकलीय की मागून बसलीय, हे बघितल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. हा आजार मला एका पौषात जडला. आता दर वर्षी छतांवरून पतंग कापल्याची पहिली "वो काटा!" ऐकू आली की त्या पौषातला गारठा पुन्हा माझ्या तळहातांत येतो. लोखंडाला हात लावल्यावर येतो तसा.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, मूळ तासगावकडचे, बाजरीच्या बियाण्यात डॉक्टरेट घेऊन त्यातच आयुष्य घालवलेले. नोकरीसाठी दुर्गापुऱ्याच्या शेती-संशोधनाच्या फार्मवर आले आणि बनी पार्कात घर करून इथलेच झाले. फार्मची जुनी पिकअप लिलावात निघाली तेव्हा त्यांनी ती घेतली. जीपच्या खानदानातली, गोल दिव्यांची. पुढे तिघं बसतील असा सलग बाक, मागे पोती टाकायला लांब हौदा. तिचं नाव त्यांनी गोदाक्का ठेवलं. त्यांची एक आत्या होती म्हणे त्या नावाची. दारात पाय फाकून, कमरेवर हात ठेवून उभी राहिली की गावातला वळूसुद्धा वाट बदलायचा. मी त्या आत्याला पाहिलेलं नाही. पण गाडीकडे बघून ओळख पटायची.

गोदाक्का अण्णांनी कुणालाही चालवू दिली नाही. मला मुलगी झाली, तिचं लग्न झालं, माझे केस पांढरे झाले, पण "मंजे, तुझी गाडी वेगळी, माझी वेगळी" हे वाक्य काही बदललं नाही. दर संक्रांतीला ते हौद्यात तिळगुळाचे डबे टाकून दुर्गापुऱ्याला जायचे. त्यांच्या हाताखाली शेतात राबलेली माणसं त्या दिवशी फार्मच्या फाटकाशी जमतात. अण्णांचा सण तो.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी त्यांना गोडीगुलाबीनं पटवलं आणि गोदाक्का मुरलीपुऱ्याला जांगिडजींकडे दुरुस्तीला दिली. जांगिडजी साठीतले, पांढऱ्या मिशांचे, बोलायला कंजूष. इंजिन झालं, पत्रा झाला, पिस्त्यासारखा मूळचा हिरवा रंग झाला. राहिली चाकं आणि बैठक. गाडी जमिनीवर कशी उभी राहते, तिचा तोल, तिचा रुबाब, याला मी बैठक म्हणते. माणूस दारातून आत आला की मी त्याचा चेहरा नंतर बघते, आधी तो पाय कसे टाकतो ते बघते. मग गाडीला तरी कशी सोडणार?

माझ्या डोळ्यांपुढे चित्र तयार होतं. काळ्या रुंद रिम, जाड खाचांचे टायर, नाक किंचित वर. हिवाळ्याच्या शेवटी जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तिथं तेल लावून चकाकणाऱ्या राजेशाही मोटारींच्या मधोमध आमची गोदाक्का छाती काढून उभी, आणि तिला टेकून मी, गॉगल लावून. गॉगलसुद्धा घेऊन ठेवला होता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात अण्णा न्हाणीघरात पडले. डावा खुबा. ऑपरेशन झालं, नवा सांधा बसला, आणि मी माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट पेशंट घरी आणला.

माझ्या कामात एक गोष्ट मी इतक्यांदा पाहिली आहे की ती मला झोपेतही दिसते. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या दोन-अडीच महिन्यांत माणूस स्वतःच्या मनानं कुठंतरी जायला निघाला, तर तो पुढंही जात राहतो. नाही निघाला, तर खोली लहान होत जाते. आधी व्हरांडा सुटतो, मग दिवाणखाना, मग पलंगाची भिंतीकडची बाजूच काय ती उरते. अण्णांनी डिसेंबरात व्हरांडा सोडला होता. चालायला सांगितलं की म्हणायचे, "कुठं जाऊ? वर्तमानपत्र इथंच येतंय की."

मग एका सकाळी, माझा नवरा श्रीकांत चहा देत असताना, त्यांनी जाहीर केलं, "संक्रांतीला दुर्गापुऱ्याला जायचंय. गोदाक्कातून."

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. तेवढ्यात पुढचं आलं. "मी माझ्या पायानं चढणार. कुणी काखेत हात घातला, खाली स्टूल सरकवलं, तर तिथूनच परत फिरेन. आणि मग मला पुन्हा विचारायचं नाही. फिरायला चला, गच्चीवर चला, काही नाही."

"अण्णा, माझ्या गाडीतून जाऊ ना," मी म्हटलं.

"तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. डॉक्टरनीच नको म्हटलंय."

ते खरं होतं. खोल सीटवर बसलं की नवा सांधा निसटायची भीती. आणि गोदाक्का त्याच्या नेमकी उलट, चढायला डोंगर. संक्रांतीला अठरा दिवस होते. श्रीकांत गणित शिकवतो, तो कप उचलता उचलता हळूच म्हणाला, "मंजू, तुझा मेळावा आणि अण्णांचा खुबा, एकाच गाडीत दोन्ही बसणार नाहीत हं."

"बसवते," मी म्हटलं. मी जन्मजात नाटकी बाई आहे. असली वाक्यं माझ्या तोंडून आपोआप निघतात, आणि मग ती निस्तरायची पाळीही माझ्यावरच येते.

त्याच दुपारी मी देवघरामागे ठेवलेले जेवणाचे पाट काढले. शिसवी, पितळी फुल्यांचे, आईनं तासगावहून आणलेले, प्रत्येक चार बोटं उंच. व्यायामाच्या नावाखाली एक पाट भिंतीशी ठेवला आणि म्हटलं, "आधी चांगला पाय वर, मग दुसरा." अण्णा चढले. दोन पाट ठेवले, चढले. तीन पाट ठेवले. ओठ आवळून, भिंतीला धरून, चढले. चौथ्याला उजवा पाय वर गेला, अंगाचं वजन डाव्यावर आलं, आणि त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तो त्यांनी ताबडतोब खोकल्यात बदलला. मी पाट उचलले. आपल्याकडे तीन पाटांची उंची आहे, त्याहून एक बोटही जास्त नाही, एवढं कळलं.

ते तीन पाट पिशवीत घालून मी मुरलीपुरा गाठलं.

जांगिडजींची एक रीत आहे. ते चाकं आधी विकत आणू देत नाहीत. गाडी विटांच्या चार खांबांवर चढवायची, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून, टेम्पोवाल्याकडून, भंगारवाल्याकडून चाकं उसनी आणून नुसती टेकवायची, वीट काढत-घालत उंची ठरवायची. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीसमोर उकिडवं बसायचं आणि तिथून गाडी बघत चहा प्यायचा. एका बैठकीला तीन चहा. "बाईसा, पहली चाय में तो हर गाड़ी अच्छी लगती है," ते म्हणतात. "दूसरी में अपनी आँख दिखती है. तीसरी में गाड़ी दिखती है."

पहिल्या दिवशी माझी स्वप्नातली चाकं टेकवली. काय दिसत होती! रस्त्यावरचा एक ट्रकवाला ब्रेक मारून थांबला. मी पहिल्याच चहात प्रेमात पडले, दुसऱ्यात लग्न ठरवलं. तिसरा हातात घेऊन रस्ता ओलांडला आणि दाराखालच्या पायरीशी पाट रचायला बसले.

"पूजा करवानी है क्या?" जांगिडजींनी विचारलं.

तीन पाट संपले आणि वर तेवढीच जागा मोकळी राहिली. सहा पाट. मी तिथं धुळीत बसून राहिले. मग त्यांना सगळं सांगितलं. खुबा, अट, व्हरांडा, सगळं. ते मिशी ओढत एवढंच म्हणाले, "तो ईंटें उतारो."

पुढचे दिवस कसे गेले ते मला अजूनही तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सीकर रोडवरचं धुकं, त्यात समोरच्या बसचे फक्त लाल दिवे. गार पडलेल्या पान्याला हात चिकटायचा. मूळची उंच, सडपातळ चाकं टेकवली तर पाच पाट. टेम्पोची लहान टेकवली तर गोदाक्का एकदम गोगलगाय. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीचे दोन पाटे काढले, गाडी बसली. तर मागचं चाक मडगार्डला घासायला लागलं. एक पाटा परत घातला. घरी आले की अण्णांचा व्यायाम, त्यांचा खोकल्यात बदललेला आवाज, आणि कॅलेंडरवरचा एक दिवस कमी. एकदा दोन दिवस ते उठलेच नाहीत. "थंडी आहे," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे आपटले. श्रीकांतनं ते निमूटपणे फडताळात लावले.

शेवटी मधल्या मापाच्या साध्या लोखंडी रिम सापडल्या, गाडीच्याच हिरव्या रंगाच्या. कमानी हलक्या केल्या. आणि पायरी खाली लोंबती जोडायची ठरली, बरोबर तीन पाटांवर. पण ती लोंबती पायरी म्हणजे साडीखालून परकर दिसावा तशी! इथं माझ्या अंगातल्या नटीनं शेवटचा डाव टाकला. म्हटलं, "जांगिडजी, डाव्या बाजूला लावा, तिथून अण्णा बसतील. उजव्या बाजूची जुनी पायरी काढूनच टाका. ती बाजू कोरी, सरळ. मेळाव्यात लोक फोटो त्याच बाजूनं काढतील."

"काट दूँ?" त्यांनी दोनदा विचारलं.

"काट दो," मी म्हटलं. आणि घरी येताना मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की वाटेत थांबून अर्धा किलो गजक घेतला.

आता मेळाव्यात लोक अजूनही विचारतात की ही एका बाजूनं पायरीवाली आणि दुसऱ्या बाजूनं बिनपायरीची कशी. मी प्रत्येकाला वेगळं सांगते. एकाला सांगितलं, फौजेत अशीच असायची. एका गंभीर गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. खरं कारण सांगायला मला संक्रांतीची ती सकाळ सांगावी लागते.

ठरलं होतं सातला निघायचं, कारण आठनंतर जयपूरची सगळी छतं भरतात आणि अण्णांना प्रेक्षक नको होते. सात वाजले, गाडी नाही. आठ, नाही. फोन केला तर जांगिडजी म्हणे नटबोल्टांना शेवटचा हात मारतायत. अण्णा स्वेटर, मफलर, काळी टोपी घालून खुर्चीत ताठ बसलेले. नऊ वाजता त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. साडेनऊला मफलर. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. स्वेटरची गुंडी गेली की आजचा दिवस गेला, असं माझ्या मनानं घेतलं होतं. बोटं पहिल्या गुंडीवर आली आणि गल्लीत गोदाक्काचा हॉर्न वाजला.

बाहेर सगळी कॉलनी छतांवर. लाउडस्पीकर, मांजा, शिट्ट्या. समोरच्या शर्माआंटींनी वरून आरोळी दिली, "अंकलजी, हैप्पी संक्रांत! कहाँ चले?" अण्णांनी मान वर केली नाही. वॉकर व्हरांड्यात सोडला, काठी घेतली आणि निघाले. मी पुढे जाऊन डावं दार उघडून उभी राहिले. पायरी सकाळच्या उन्हात चमकत होती. जांगिडजी बाजूला, हात पाठीमागे बांधून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

अण्णा आले, पायरीपाशी थांबले, बोनेटवर हात ठेवला आणि पुढे चालू लागले. दिव्यांवरून, नंबरप्लेटवरून, वळून पलीकडे. उजव्या दाराशी.

दोन आठवडे मी आणि जांगिडजींनी बोटं मोजली, विटा मोजल्या, पाटे मोजले. अण्णा गाडीत कुठं बसतील हे मात्र दोघांपैकी एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. गोदाक्कात ते उजवीकडे सोडून कधी बसलेच नव्हते.

"इकडून या ना, अण्णा."

"तिकडं तुझी आई बसायची." मग खाली बघून, "इथली पायरी कुठाय?"

"काढली."

"का?"

खोटं बोलायला माझ्याकडे दहा कारणं तयार असतात. त्या क्षणी एकही आलं नाही. "फोटोत बरी दिसत नाही म्हणून."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, एखाद्या वाफ्यात बी उगवलं नाही की बघायचे तसं. "कुणाच्या फोटोत, मंजे?"

ते उभे होते आणि मी त्यांचे पाय बघत होते. थकलेला पाय ओळखायला मला शिकावं लागत नाही. गुडघा आतून थरथरायला लागतो. काठीवरची बोटं पांढरी पडली होती. घराचं दार तिथून दहा पावलांवर होतं, डावं दारही साधारण तितकंच. मी तोंड उघडलं तर ते घराकडे वळतील, याची मला खात्री होती. म्हणून मी, आयुष्यात पहिल्यांदा, गप्प राहिले.

ते वळले. बोनेटला धरत, परत माझ्या बाजूला आले. पायरीकडे बघून म्हणाले, "तीन पाट आहेत ना हे?"

मी मान हलवली.

"वाटलंच मला. पाट गॅरेजात, म्हणून देवाला नैवेद्य जमिनीवर." काठी जांगिडजींच्या हातात दिली, दाराची चौकट धरली. उजवा पाय वर. टेकला. मग अंग उचललं आणि डावा पाय अधांतरी असताना ते थांबले. ना वर, ना खाली. माझे हात त्यांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होते, आणि मी ते तिथंच धरून ठेवले. इतकं कठीण काम मी हॉस्पिटलातही कधी केलेलं नाही. तेवढ्यात वरच्या छतावर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि पन्नास गळ्यांतून एकदम आरोळी उठली, "वो काटाऽऽ!" अण्णा दचकले, आणि त्या दचक्यातच डावा पाय पायरीवर आला, अंग वळलं, आणि ते बाकावर बसले.

मला रडू येत होतं, म्हणून मी जोरात दार लावायला गेले. पण ते थांबले नव्हते. बाकावरून इंचाइंचानं सरकत ते उजवीकडे गेले, स्टेअरिंगमागे. दोन्ही हात चाकावर ठेवले. मग डावा पाय क्लचवर.

क्लच दाबायला डावा खुबाच लागतो. मला माहीत होतं. श्रीकांतला माहीत होतं. त्यानं माझ्या कोपराला हात लावला. अण्णांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला. पेडल एवढंसं हललं, परत वर आलं. पुन्हा एकदा. मग त्यांनी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं.

"नाही दाबला जात," ते म्हणाले. दोन महिन्यांत त्यांनी अमुक होत नाही असं एकदाही म्हटलं नव्हतं, ते खोकायचे. मग जितक्या सावकाश उजवीकडे गेले होते तितक्याच सावकाश डावीकडे सरकले, खिडकीशी टेकले आणि म्हणाले, "ये. दुसरा गिअर अडकतो. जरा स्वतःकडे ओढून टाक. दामटू नको."

मी पळत उजव्या बाजूला गेले. पायरी नाही! पाच फूट एक इंचाची बाई, काठपदराची साडी, आणि साऱ्या कॉलनीसमोर कोऱ्या, सरळ, फोटोजोग्या पत्र्याला मी पालीसारखी चिकटले. पहिल्यांदा घसरले, दुसऱ्यांदा स्टेअरिंगला लोंबकळले, तिसऱ्यांदा पोटावर आत पडले. शर्माआंटींनी टाळ्या वाजवल्या. अण्णा सभ्यपणे दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

टोंक रोडवर ऊन पडलं होतं. श्रीकांत मागे, माझ्या गाडीतून. मी दुसरा गिअर स्वतःकडे ओढला, तो गेला. वळणाआधी अण्णांचा हात आपोआप हॉर्नच्या जागी जायचा आणि मोकळाच परत यायचा.

दुर्गापुऱ्याला फाटकाशी पोहोचलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चढायचं माप घेतलं होतं, उतरायचं नाही. उतरताना दुखरा पाय आधी, आणि खाली नांगरटीची ढेकळं. अण्णांनी दार उघडलं, पाय बाहेर सोडले, खाली बघितलं आणि म्हणाले, "इथंच बसतो."

माझा चेहरा पडला असावा. इतकं करून शेवटी गाडीतच. मी तिळगुळाचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला झाले.

फाटकातून माणसं आली. पुढे रामधन, अण्णांच्याच वयाचा, तीस वर्षं त्यांच्या वाफ्यांना पाणी दिलेला, लाल पगडीतला. तो उघड्या दाराशी येऊन उभा राहिला. "राम राम, डॉक्टर साब." "राम राम. कांई हाल छै?" अण्णांनी त्याच्याच बोलीत खुशाली विचारली, आणि दोघं हसले.

आणि तेव्हा मला दिसलं. ऑपरेशनपासून जो समोर आला तो अण्णांशी वाकून बोलला होता. सर्जन वाकले, नर्स वाकली, नातेवाईक वाकले, मीही वाकले. आणि अण्णांनी प्रत्येकाकडे खालून वर बघितलं होतं. इथं रामधन ताठ उभा होता, अण्णा ताठ बसले होते, आणि त्या दोघांचे डोळे एका रेषेत होते. ही उंची मी मोजली नव्हती. जांगिडजींनी, विटांनी, पाटांनी, कुणीच नाही. रामधननं हात पुढे केला तो सरळ अण्णांच्या खांद्यावर पडला, आणि अण्णांनी तिळगुळ दिला तो सरळ त्याच्या तळहातावर. त्याच्यामागे आणखी एकजण होता, त्याच्यामागे आणखी. सगळे आपापल्या उंचीनं येत होते.